आदत खोंड आणि जुळलेला बैल

संघाचं नाव सांगणार नाही, सालही सांगणार नाही. नोकरीला लागताना सही केलेल्या कागदात तसं कलम आहे, आणि कलम नसतं तरी सांगितलं नसतं. मेजर लीग बेसबॉलच्या 30 संघांपैकी एक, आणि जुलै संपता संपताचा एक दिवस, एवढंच धरून चाला.

तो दिवस संध्याकाळी सहाला संपतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या घड्याळात सहा वाजले की बाजार उठतो, त्या हंगामापुरती खेळाडूंची अदलाबदल बंद. पूर्वी ऑगस्टमध्येही एक पळवाट असायची, 2019 पासून तीही बुजवली. त्यामुळे त्या शेवटच्या दिवशी तीसही संघांच्या ऑफिसांत लग्नघरासारखी धांदल असते. फरक इतकाच की नवरदेवाला आपलं लग्न कुठं लागतंय याचा पत्ता नसतो.

मी मूळचा आटपाडी तालुक्यातला. पुण्यात संख्याशास्त्र शिकलो, पुढं इकडं आलो आणि फिरत फिरत या खेळात पडलो. माझं काम चेंडूंचे आकडे बघण्याचं. पिचरच्या हातून चेंडू सुटताना हात जमिनीपासून किती उंच होता, चेंडूला फिरकी किती होती, 60 फूट 6 इंचांच्या वाटेवर तो कुठं वळला. प्रत्येक मैदानात 12 कॅमेरे लावलेले असतात. यंत्रणा हॉक-आयची, क्रिकेटमध्ये पायचीतचा निर्णय दाखवणारी तीच. घरी आबांना मी सांगून ठेवलंय, क्रिकेटच्या लांबच्या भावकीतला एक खेळ आहे आणि मी तिथं हिशेबनीस आहे.

त्या वर्षी आम्ही ना धड आत, ना धड बाहेर. 2022 पासून अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन्ही लीग मिळून 12 संघ प्लेऑफला, म्हणजे ऑक्टोबरातल्या बाद फेऱ्यांना जातात. त्यामुळे जुलैअखेर अर्ध्याहून जास्त संघांना वाटत असतं की अजून जमेल. विकणारे थोडे, घेणारे फार, म्हणून भाव चढलेले. आम्हाला एक पिचर हवा होता. एक विकाऊ होता, 38 वर्षांचा. एकेकाळी नुसतं त्याचं नाव फळ्यावर दिसलं की समोरचा संघ आपला डावा-उजवा क्रम बदलायचा असा. त्याचा संघ तळाला गेलेला. त्याला दुसरीकडं पाठवायला ते तयार होते, पगारातला अर्धा भारही उचलणार होते. बदल्यात त्यांना डबल-ए या आमच्या खालच्या संघातला 20 वर्षांचा एक पिचर पोरगा हवा होता, आणि खालच्या लीगमधला आणखी एक.

क्रिकेटवाल्यांसाठी थोडं सांगायला हवं. इथं प्रत्येक मोठ्या संघाच्या हाताखाली चार-पाच छोटे संघ असतात. त्यांत 17-18 वर्षांपासूनची मुलं वाढवतात. या सगळ्या डोलाऱ्याला 'फार्म' म्हणतात. म्हणजे शेतच. हे आबांना सांगितलं तेव्हा पहिल्यांदा त्यांना माझ्या नोकरीत रस वाटला. त्या शेतातलं होतकरू रोप म्हणजे 'प्रॉस्पेक्ट'. त्याला भाव असण्याचं कारण साधं आहे. पोरगा मोठ्या संघात आला की साधारण पहिली सहा वर्षं तो तुमचा, आपणहून दुसऱ्या कुणाकडं जाऊ शकत नाही. त्यातली पहिली तीन वर्षं तर जवळपास किमान पगारावर. 2025 साली हा किमान पगार 7 लाख 60 हजार डॉलर होता. ऐकायला डोळे फिरतात, पण जुन्याजाणत्या पिचरला वर्षाला 3-4 कोटी डॉलर मोजावे लागतात, तेव्हा हे फुकटच. म्हणजे आमच्यापुढचा सौदा असा होता: म्हाताऱ्याचे दोन महिने घ्या, नशीब असेल तर वर ऑक्टोबर, आणि पोराची सहा वर्षं देऊन टाका.

सकाळी ऑफिसला निघताना आबांचा फोन आला. तिकडं दिवेलागण झालेली. मी घाईत आहे म्हणालो, तर म्हणाले, "कशाची घाई?" सांगितलं, एक म्हातारा घ्यायचाय आणि दोन पोरं द्यायचीत, आज संध्याकाळपर्यंत ठरवायचंय.

"आदत हायत का दुसा?"

मला हसू आलं. आमच्याकडं बैलाचं वय दातांवर मोजतात. दुधाचे दात न पडलेला तो आदत, दोन दात आले की दुसा, चार आले की चौसा, आणि सगळे दात आले की जुळला. जुळलेला बैल कामाला पक्का, पण तिथून पुढं उतारच. खरसुंडीच्या पौषी यात्रेत लहानपणी मी आबांचं बोट धरून हे सगळं पाहिलंय. हेडी खिलाराचा जबडा उघडायचा, दात बघायचा, शेपटी पिरगाळून चालवून बघायचा. मग उपरण्याखाली दोघांचे हात जायचे. बोटं धरून भाव ठरायचा, तोंडानं कुणी चकार शब्द काढायचं नाही. शेजारी उभ्या असलेल्याला कळू नये म्हणून.

"एक आदतच समजा," मी म्हणालो. "दुसरा तर त्याहून ल्हान."

"आन् म्हातारा?"

"जुळून लई वर्सं झाली."

आबा थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "पेरणी कवा हाय तुमची?"

"म्हणजे?"

"आरं, पेरणी उद्यावर आली आसंल तर आदत खोंडाला घिऊन काय करनार? आन् पेरायचंच नसंल तर म्हाताऱ्याला कडबा कशाला घालतूस?"

मी बरं म्हणून फोन ठेवला.

*

आमच्या खोलीत एका भिंतीवर पांढरा फळा आहे, त्यावर लोहचुंबकाच्या पट्ट्या. एका पट्टीवर एक नाव. दिवसभर या पट्ट्या डावीकडून उजवीकडं आणि उजवीकडून डावीकडं होत राहतात. डावीकडं 'आमचे', उजवीकडं 'त्यांचे'. पोराची पट्टी आदल्या रात्रीच उजवीकडं गेली होती. बोलणी तत्त्वतः जमली होती, वैद्यकीय कागद यायचे होते.

या खोलीत दरवर्षी हमखास निघणाऱ्या गोष्टी त्या दिवशीही निघाल्या. घ्या म्हणणाऱ्यांचा देव जस्टिन व्हर्लँडर. 31 ऑगस्ट 2017 च्या रात्री, मध्यरात्रीची मुदत संपायला काही क्षण उरले असताना ह्यूस्टननं त्याला डेट्रॉइटकडून उचललं. वय 34. हंगामाच्या उरलेल्या दिवसांत पाच सामने टाकले, पाचही जिंकले, आणि ह्यूस्टननं त्याच वर्षी पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे अजिंक्यपदाची मालिका जिंकली. बदल्यात तीन पोरं गेली. त्यातला ज्याच्यावर सगळ्यांचा डोळा होता तो 19 वर्षांचा फ्रँकलिन पेरेझ. दुखापतींनी त्याला असं गाठलं की मोठ्या लीगपर्यंत तो पोचलाच नाही. कामाला आला तो जेक रॉजर्स, यष्टिरक्षकासारखं काम करणारा कॅचर. पिचर पोरांबद्दल या धंद्यात जुनी थट्टा आहे, 'पिचिंग प्रॉस्पेक्ट' नावाची वस्तूच अस्तित्वात नसते. कोपर आणि खांदा कधी जाईल याचा नेम नाही.

नको म्हणणाऱ्यांचा देव जॉन स्मोल्ट्झ. ही गोष्ट आमचा म्हातारा स्काउट, म्हणजे मैदानोमैदानी खेळाडू पारखणारा, सांगतो. सत्तरीला टेकलेला, स्वतः कधीकाळी मायनर लीगमध्ये कॅचर होता, बोटं अजून वाकडी आहेत. ऑगस्ट 1987, डेट्रॉइट शर्यतीत होता. त्यांनी अटलांटाकडून डॉयल अलेक्झांडर घेतला, 37 ला टेकलेला. त्यानं 11 सामने टाकले, नऊ जिंकले, एकही हरला नाही. नऊ इनिंगमागं धावा दिल्या दीडच्या आसपास. शेवटच्या तीन दिवसांत डेट्रॉइटनं टोरांटोला तिन्ही सामन्यांत हरवलं आणि दोन विजयांच्या फरकानं विभाग जिंकला. मग प्लेऑफमध्ये मिनेसोटानं त्यांना 4-1 नं गुंडाळलं, अलेक्झांडरनं टाकलेले दोन्ही सामने हरले. दोन वर्षांनी त्याचा हिशेब 6 विजय आणि 18 पराभव असा होता, आणि तो घरी बसला. त्याच्या बदल्यात गेलेला मिशिगनचाच 20 वर्षांचा पोरगा म्हणजे स्मोल्ट्झ. तेव्हा डबल-एमध्ये त्याचे आकडे इतके वाईट होते की कुणी हळहळलंही नाही. अटलांटाकडं त्यानं वीस वर्षं काढली. एकूण 213 विजय, 154 सेव्ह (शेवटी येऊन आघाडी राखलेले सामने), 2015 साली हॉल ऑफ फेम.

ही गोष्ट सांगून स्काउट नेहमी थांबतो, आणि ऐकणाऱ्यानं 'अरेरे' म्हणायची वाट बघतो. कुणी म्हटलं की लगेच वाकडं बोट नाचवत म्हणतो, "चूक. त्या दोन महिन्यांत डेट्रॉइटमध्ये लोक काय जगले ते मी पाहिलंय. मी असतो तर पुन्हा दिला असता." त्याचं हे मला कधीच पटायचं नाही. माझ्या वहीत हा सौदा 'फसलेला' या रकान्यात होता.

मला स्वतःला आवडणारं उदाहरण रँडी जॉन्सनचं, कारण ते दोन्ही बाजूंना चावतं. 1998 साली ह्यूस्टननं त्याला सिअ‍ॅटलकडून घेतला. त्यानं 11 सामन्यांत 10 जिंकले, एक हरला. मग प्लेऑफच्या पहिल्याच फेरीत संघ बाद, आणि हिवाळ्यात जॉन्सन अ‍ॅरिझोनाला गेला. दिलेली तिन्ही पोरं, गार्सिया, गियेन आणि हालामा, 2001 साली 116 सामने जिंकणाऱ्या सिअ‍ॅटलच्या संघात होती. सिअ‍ॅटल तरी वर्ल्ड सिरीजला पोचलं का? नाही.

2023 पासून यात आणखी एक तऱ्हा आली आहे. न्यूयॉर्क मेट्सनी 39 वर्षांचा मॅक्स शर्झर टेक्ससला दिला आणि वर पगारापोटी सुमारे साडेतीन कोटी डॉलर भरले, कशासाठी तर लुइसअँजेल अकुन्या हा 21 वर्षांचा पोरगा मिळावा म्हणून. दोन-तीन दिवसांत 40 वर्षांचा व्हर्लँडरही तशाच हिशेबानं ह्यूस्टनला परत. म्हणजे म्हातारा विकला म्हणायचं, खरेदी मात्र पोराची. टेक्ससनं त्या वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकली, जरी शर्झरला तिसऱ्या सामन्यात पाठीत उसण भरून तीन इनिंगनंतर बाहेर यावं लागलं.

*

दहाच्या बैठकीत माझी पाळी आली. माझ्याकडं एकच चित्र होतं.

म्हाताऱ्याचे मागचे 11 सामने मी चेंडू-चेंडू लावून बघितले होते. फास्टबॉलचा वेग वर्षभरात अर्ध्या मैलानं कमी, म्हणजे काहीच नाही. पण स्लायडर, म्हणजे ऐन वेळी बाजूला वळणारा चेंडू, टाकताना हात सुटण्याची उंची पाचव्या-सहाव्या इनिंगपासून एकदम तीन इंच खाली येत होती. खांदा थकला की हात खाली येतो, हे या धंद्यात पहिल्या वर्षी शिकवतात. कागदावर निळे ठिपके सुरुवातीचे, लाल ठिपके नंतरचे. लालांचा घोळका निळ्यांपासून स्वच्छ वेगळा पडलेला. चित्र इतकं देखणं होतं की मी ते रात्री दोनदा उगाच उघडून पाहिलं होतं.

मी म्हणालो, खांदा सांगतोय की ऑक्टोबरपर्यंत हा टिकणार नाही.

आता एक कबुली. फास्टबॉल टाकताना मात्र हात तेवढाच वर राहत होता, पहिल्या इनिंगला आणि सहाव्यालाही. खांदा खरंच थकला असता तर दोन्ही चेंडूंना हात खाली यायला हवा होता. हे मला दिसलं होतं. मी त्यावर स्वतःच उत्तर शोधून काढलं: फास्टबॉलला तो अंगातला सगळा जोर लावतो, म्हणून हात वर राहतो. बैठकीत कुणी विचारलंच तर सांगायला हे तयार ठेवलं होतं. कुणी विचारलं नाही.

स्काउटनं खुर्चीतून न उठता चित्राकडं पाहिलं. "लाल ठिपके कितव्या बॅटरपासून सुरू होतात?"

मी म्हणालो, इनिंगप्रमाणे रंग दिलेत, बॅटरप्रमाणे नाहीत.

"एकोणिसाव्यापासून होत असतील." संघात नऊ बॅटर, तेव्हा एकोणिसावा म्हणजे पहिलाच बॅटर तिसऱ्यांदा समोर आलेला. "पोरा, तो थकलेला नाही. दोनदा पाहून गेलेल्याला तो तिसऱ्यांदा वेगळं सामान दाखवतोय."

खोलीत दोघं-तिघं हसले. मीही हसलो, जरा वरच्या पट्टीत. त्यानं त्या पिचरचे चार सामने बघितले होते, घडीच्या खुर्चीत बसून, मांडीवर वही घेऊन. माझ्याकडं 11 सामने होते आणि 12 कॅमेरे. रंग बॅटरप्रमाणे द्यायला मला दहा मिनिटं लागली असती. दिले नाहीत.

*

त्या पोराबद्दल सांगायचं राहिलं.

तो डोमिनिकन रिपब्लिकचा. तिकडची पोरं सोळाव्या वर्षी करारावर सह्या करतात, तशीच यानंही केली होती. वसंतातल्या शिबिरात मी त्याच्या स्लायडरची पकड बघायला बसायचो. माझ्या टेबलावर पुण्याहून आणलेला एक लाल लेदर बॉल पडलेला असतो, बऱ्यापैकी झिजलेला. त्यानं तो उचलला आणि त्याचं कामातलं लक्षच उडालं. बेसबॉलला 108 टाके असतात आणि शिवण नागमोडी फिरते. या चेंडूला शिवण सरळ मधोमध, एखाद्या रस्त्यासारखी. तो अंगठ्यानं ती शिवण चाचपत राहिला. नखानं एक टाका वर काढून बघितला. मग विचारलं, हा कसा टाकतात? मी सांगितलं, कोपर वाकवायचं नाही. त्यानं हात ताठ धरून दोन पावलं टाकली आणि इतका मोठ्यानं हसला की शेजारच्या खोलीतला ट्रेनर बघायला आला. "कोपर न वाकवता? मग टाकणार काय, बादली?"

तेव्हापासून तो मला अधूनमधून व्हॉट्सअ‍ॅपवर आपल्या पकडीचे फोटो पाठवायचा. आमच्या तक्त्यात तो एका ओळीत होता, शेवटच्या रकान्यात त्याची डॉलरमधली किंमत. वेग 97 मैल, नियंत्रण बेताचं. ती किंमत मीच काढलेली.

दुपारी तीनला आमच्या फार्मच्या संचालकानं डबल-एच्या मॅनेजरला फोन लावला. फोन स्पीकरवर होता, कारण त्याच्या दुसऱ्या हातात दुसरा फोन होता. त्या रात्री पोरगा सामना सुरू करणार होता. सौदा होणार असेल तर त्याला टाकू द्यायचं नाही, हा सगळीकडचा नियम. ऐन वेळी कोपर दुखावलं तर माल गेला.

"आज त्याला बसव," संचालक म्हणाला.

पलीकडं जरा शांतता. मागं कुणीतरी चेंडू मारत असल्याचा टकटक आवाज. मग मॅनेजरनं विचारलं, "त्याला काय सांगू?"

"काही सांगू नकोस."

"मी नाही सांगितलं तरी त्याला कळणारच आहे, साहेब. सगळ्यांना कळतं."

संचालकानं डोळे मिटले. "माहीत आहे," म्हणाला, आणि फोन ठेवला.

मला एकदम ते उपरणं आठवलं.

*

चारच्या सुमारास म्हाताऱ्याच्या खांद्याचे कागद आले. आमच्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, 38 वर्षांच्या पिचरच्या खांद्यात जे दिसतं ते दिसतंय. यातून ज्याला जे काढायचं होतं ते त्यानं काढलं.

पाचला दहा कमी असताना जनरल मॅनेजरनं मला आत बोलावलं आणि दार लावलं. टेबलावर माझं चित्र होतं, त्यावर कॉफीच्या कपाचा गोल डाग पडलेला. हा माणूस कधी आवाज चढवत नाही, त्या दिवशीही चढवला नाही.

"या लाल ठिपक्यांबद्दल तुझी किती खात्री आहे?"

मी म्हणालो, 70 टक्के.

हे 70 कुठून आले? मी हे काम करून पोट भरतो, तेव्हा कुठल्यातरी गणितातून आले असं लोकांना वाटत असेल. ते तोंडातून आले. 60 म्हणालो असतो तर चित्र कशाला काढलंस असं झालं असतं, 90 म्हणायला धीर नव्हता.

तो बाहेर आला आणि फळ्यासमोर उभा राहिला. पोराची पट्टी उजवीकडून काढून डावीकडं लावली, आणि तिच्या जागी दुसरा एक पिचर सरकवला, वयानं मोठा, किमतीनं कमी. नवा प्रस्ताव फोनवर गेला. त्यानंतरची पन्नास मिनिटं मला नीट आठवत नाहीत. इंटर्न पोरगं सारखं मोठ्यानं घड्याळ वाचत होतं, शेवटी कुणीतरी त्याला गप्प बसवलं. सहाला आठ मिनिटं असताना पलीकडून उत्तर आलं: पोरगा, नाहीतर काही नाही. जनरल मॅनेजरनं स्काउटकडं पाहिलं, मग माझ्याकडं. मी काही बोललो नाही, पण मान हलवली असावी. त्यानं फोनवर 'मग राहू दे' म्हटलं. सहाला चार मिनिटं असताना म्हातारा दुसऱ्या संघाला गेल्याची बातमी आली. त्यांनी आमच्या पोरापेक्षा कमी मोलाची तीन पोरं दिली होती, आमच्या तक्त्याप्रमाणे.

सहाला सगळे एकदम थकले. थंडगार पिझ्झा खात बसले.

मी डबल-एचा सामना लावला. पोरगा डगआउटच्या कठड्यावर हात ठेवून उभा होता, हुडी घालून. संध्याकाळ उकाड्याची होती. बाजूचा एकेक जण येता-जाता त्याच्या पाठीवर थाप मारत होता. नंतर कळलं, साडेचारपासूनच सगळे त्याला मिठ्या मारत होते. एकानं आपला नवा ग्लोव्ह आठवण म्हणून दिला होता. निरोप घेऊन झाला होता, पेटी भरून झाली होती, आणि गाडीच आली नाही.

रात्री साडेनऊला व्हॉट्सअ‍ॅपवर त्याचा मेसेज आला. स्पॅनिशमध्ये, मोडकं का होईना मला कळतं. 'मी अजून तुमचाच ना?'

असल्या मेसेजला उत्तर द्यायची मला परवानगी आहे की नाही, हे मी दहा मिनिटं शोधत होतो. कागदात काही सापडलं नाही. मी 'हो' लिहिलं. त्यानं अंगठा पाठवला, आणि मागोमाग पकडीचा एक फोटो. ग्लोव्ह ज्याचा त्याला परत केला, असंही लिहिलं.

*

त्या वर्षी आम्ही प्लेऑफला पोचलो नाही. किती विजयांनी हुकलो ते सांगितलं तर संघ ओळखू येईल. फार नाहीत.

म्हातारा नव्या संघाकडून सप्टेंबरभर टाकत राहिला, ऑक्टोबरातही टाकला, आणि चांगला टाकला. एका सामन्यानंतरच्या मुलाखतीत कुणीतरी त्याला स्लायडरबद्दल विचारलं. तो हसत म्हणाला, वय झालं, आता तेच सामान तीनदा विकता येत नाही, म्हणून तिसऱ्या वेळेसाठी हात जरा खालून आणतो. मी तेव्हा स्वयंपाकघरात भांडी घासत होतो. हात पुसून लॅपटॉप उघडला, आणि ते दहा मिनिटांचं काम केलं. बॅटरप्रमाणे रंग दिले. लाल ठिपके एकोणिसाव्या बॅटरपासून सुरू झाले. ते इतकं सरळ कापलं गेलं होतं की पट्टी ठेवून रेघ मारावी.

दुसऱ्या दिवशी ते चित्र छापून स्काउटच्या टेबलावर ठेवलं. त्यानं चष्मा वर करून बघितलं, घडी केली, खिशात घातली. त्यावर एक शब्द बोलला नाही. दुपारी जेवताना मात्र माझ्या ताटातला ब्राउनी न विचारता उचलून खाल्ला.

त्याचं डेट्रॉइटबद्दलचं म्हणणं मला अजूनही निम्मंच पटतं. पण 1987 चा तो सौदा मी 'फसलेला' या रकान्यातून काढलाय. दुसरा रकाना सापडेना, म्हणून सध्या तसाच बाहेर ठेवलाय. आमचं कुठं चुकलं हे आता सांगता येतं. आम्ही दिवसभर म्हाताऱ्याचे आणि पोराचे दात मोजत बसलो. आपली पेरणी याच वर्षी आहे की नाही, हे त्या खोलीत सकाळपासून कुणी विचारलं नव्हतं. मला तर घरून विचारलं गेलं होतं, आणि मी बरं म्हणून फोन ठेवला होता.

पोराचं कोपर पुढच्या मे महिन्यात गेलं. टॉमी जॉन शस्त्रक्रिया, म्हणजे वर्षभर किंवा जास्तच बाहेर. तक्त्यातली त्याची किंमत मी स्वतः खाली आणली, जवळजवळ एक तृतीयांशानं. शस्त्रक्रियेनंतर तो आमच्या शिबिराच्या मैदानावर व्यायामाला येतो. एकदा येऊन माझ्या टेबलावरचा लाल चेंडू घेऊन गेला. बोटांना ताकद यावी म्हणून दिवसभर दाबत बसायला. डाव्या हाताच्या, म्हणजे चांगल्या हाताच्या. उजव्याला अजून परवानगी नाही.

मागच्या आठवड्यात आबांचा फोन आला होता. इकडचं-तिकडचं झालं, मग विचारलं, "त्या खोंडाचं काय झालं रं?"

"हाय गोठ्यातच. पाय दुखावलाय."

"आन् म्हातारा?"

"दुसऱ्यांनी न्हेला."

"चालला का?"

"चालला."

आबा हुं म्हणाले. मग म्हणाले, पावसानं यंदाही वढ दिलीय, बाजरी मान टाकाया लागलीय, आणि शेजारच्यांनी ट्रॅक्टर घेतलाय, तो भाड्यानं मिळतो का बघतो.